आखाजीच्या ताटावरचं भांडण

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. मूळ पत्र सात पानांचं आहे, ते थोडं आटोपशीर करून देते. पक्षांची आणि माणसांची नावं त्यांनी लिहिली होती, मी ती काढली आहेत.

"ताई, माझं माहेर यावल तालुक्यातलं. मी नाशिकला कॉलेजात शिकवते. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, गेल्या श्रावणात हृदयविकाराने गेले. आमचे आजोबा १९३६ च्या फैजपूर अधिवेशनात स्वयंसेवक होते. नाना मात्र दुसऱ्या बाजूचे. आणीबाणीत ते नाशिकरोडच्या तुरुंगात होते. आजोबा डोक्यावर गांधीटोपी आणि हातात दशम्यांचं गाठोडं घेऊन मुलाला भेटायला जायचे, ही गोष्ट आमच्याकडे शंभरदा सांगून झाली आहे.

२०२४ ची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, १० मे ला होती आणि मतदान १३ ला. जेवताना टीव्ही चालू होता. विषय निघाला, वाढला. मी नानांना म्हणाले, 'ज्यासाठी तुरुंगात गेलात तेच आता विसरलात.' नाना ताटावरून उठले. मी संध्याकाळच्याच गाडीने निघून आले. ४ जूनला, निकालाच्या दुपारी, त्यांचे दोन मिस्ड कॉल आले. मी उचलले नाहीत, नंतर उलट फोनही केला नाही. त्यानंतर माहेरून फोन आला तो श्रावणात, पहाटे, दादाचा.

आता दादाला येत्या निवडणुकीत उभं राहायचं आहे. वर्षश्राद्धाच्या दिवशीच पक्षाने नानांचं 'प्रथम पुण्यस्मरण' ठरवलं आहे. मंडप, नेते, चौकात फ्लेक्स. मी मुलगी म्हणून व्यासपीठावर बसावं, दोन शब्द बोलावेत असा दादाचा हट्ट आहे. बसले तर खोटं वागल्यासारखं होईल, नाही बसले तर गाव बोलेल. आई काही बोलत नाही. आणि त्या दोन मिस्ड कॉलचं मी काय करू? रोज रात्री फोन उघडून ती तारीख बघते."

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन दिवस बाजूला ठेवलं. लगेच लिहिलं असतं तर नुसतं सांत्वन केलं असतं, आणि त्यासाठी तुम्ही लिहिलेलं नाही.

आधी ते वाक्य. ते कठोर होतं. मी ते सौम्य करून सांगणार नाही, कारण तुम्हालाही ते पटायचं नाही. बहात्तरीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला, सणाच्या दिवशी, वाटीत आमरस असताना, त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीवर बोट ठेवून तुम्ही बोललात. पण त्या वाक्यात दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करायला हव्यात. एक, तुमचं मत. दुसरी, ते बोलण्याची जागा आणि वेळ. माफी मागायचीच असेल तर ताटावर बोलल्याची मागा. मताची मागू नका. मृत माणसाला खूश करायला म्हणून आपलं मत बदलल्याचा देखावा केला, तर नानांनाच ते सगळ्यात आधी ओळखू आलं असतं. ज्या माणसाने स्वतःच्या मतापायी तुरुंग पाहिला, त्याच्या मुलीला ते शोभणारही नाही.

आणि एक बघा. तुरुंगाची आठवण त्या दिवशी तुम्ही काढलीत, त्यांनी नाही. आणीबाणी जाहीर झाली २५ जून १९७५ च्या रात्री, उठली मार्च १९७७ मध्ये. तुमचा तेव्हा जन्मही झाला नसेल. तरी वडिलांच्या त्या महिन्यांना तुम्ही इतकं मोजत होतात की भांडताना तेच हाती आलं. नानांनी ते गृहीत धरलं असेल की नसेल, मला माहीत नाही. पण बापाच्या तुरुंगवासाला मोल देणारी मुलगीच असं बोलू शकते.

आता आजोबांकडे येते. तुम्ही त्यांची गोष्ट पत्रात अभिमानाने लिहिली आहे आणि मग तिला तिथेच सोडून पुढे गेला आहात. मला मात्र तिथून हलता येईना. फैजपूरचं अधिवेशन म्हणजे काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. डिसेंबर १९३६, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, गांधीजी हजर, मंडपाची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातल्या साध्या साहित्यातून केलेली. आपल्या खान्देशात आजही ज्याच्या घरातलं कुणी अधिवेशनाच्या त्या टिळकनगरात होतं, तो ते सांगितल्याशिवाय राहत नाही. तिथे राबलेल्या तुमच्या आजोबांनी त्या पक्षावर किती जीव टाकला असेल! आणि एकोणचाळीस वर्षांनी त्याच पक्षाच्या सरकारने त्यांच्या पोराला आत टाकलं. आजोबांनी टोपी काढली नाही. पोराला सोडलंही नाही. टोपी घालूनच दशम्या घेऊन गेले. त्या भेटीत बापलेक राजकारणावर बोलले असतील का? मला तर वाटतं, कडाकडा भांडले असतील, आणि भांडून झाल्यावर दशम्या खाल्ल्या असतील. तुमच्या घरात बाप आणि लेकरू दोन बाजूंना असणं तुमच्यापासून सुरू झालेलं नाही. फरक इतकाच की त्यांना पुढची भेट मिळाली, तुम्हाला नाही.

ते 'इतकाच' मी सहज लिहून गेले. दुखणं तिथेच आहे, मला कळतं.

इथे माझ्या घरातलं सांगते. मी भुसावळची. वडील आणि काका दोघे रेल्वेत, दोघांची क्वार्टरं एका हाकेच्या अंतरावर. ८ मे १९७४ ला देशभर रेल्वेचा संप झाला, जॉर्ज फर्नांडिसांचा. वीस दिवस चालला. भुसावळसारख्या जंक्शनला रात्री शंटिंगचा आवाज नाही म्हणजे काय, ते तिथल्या माणसालाच कळेल. मला त्या शांततेने झोप लागत नसे. हजारो कामगारांना अटक झाली. वडील संपात होते. काका ड्युटीवर गेले. जे गेले त्यांना 'लॉयल' म्हणत, आणि आमच्या घरात तो शब्द शिवीसारखा वापरला जाई. त्या वीस दिवसांत काकांनी तीनदा ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची पिशवी आमच्या मागच्या दारात ठेवली. वडिलांनी तिन्ही वेळा ती परत पाठवली, माझ्या भावाच्या हाती. संप २७ मे ला मिटला. दोघा भावांचा अबोला मिटला नाही. एकोणीस वर्षं.

१९९३ च्या हिवाळ्यात वडील गेले. तिसऱ्या दिवशी काका दारावर आले. आत आले नाहीत, ओट्यावर बसले. बराच वेळ गेला. मग आईकडे न बघता म्हणाले, "वहिनी, पिशवी परत यायची, पण दरवेळी दोन ओंजळी कमी असायची." आईने पदर डोळ्यांवर ओढला आणि म्हणाली, "पोट काय संप देखस का?" आईने तिन्ही वेळा दोन दोन ओंजळी पीठ काढून घेतलं होतं आणि मग पिशवी परत जाऊ दिली होती. नवऱ्याचा शब्द ठेवला, लेकरांचं पोट ठेवलं, दिराचं मनही ठेवलं. आम्ही ते पीठ खाल्लं आणि आम्हाला माहीत नव्हतं.

वडिलांना माहीत होतं का? भाकरी कुठून येते हे घरातल्या कर्त्या माणसाला कळत नसेल? की कळून त्यांनी डोळेझाक केली? बत्तीस वर्षं झाली, मला याचं उत्तर नाही. त्या वेळी आईला विचारणं अवघड वाटलं, गंधमुक्तीपर्यंत थांबू म्हटलं, मग वर्ष होऊ दे म्हटलं, मग संसार, नोकरी. आईही गेली. काका तर तिच्या आधी.

तुमच्या मिस्ड कॉलबद्दल म्हणूनच मी सावधपणे लिहिते आहे. "त्यांनी तुम्हाला माफ करायलाच फोन केला असणार" असं मी लिहिणार नाही. मला ते माहीत नाही. ४ जूनचा दिवस आठवा. सर्वात मोठ्या पक्षाला २४० जागा मिळाल्या, बहुमताला २७२ लागतात. तरी सरकार त्यांच्याच आघाडीचं आलं. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने घेतल्या, पण तुमच्या रावेर मतदारसंघात निकाल उलटा. त्या दुपारी प्रत्येक घरातल्या दोन्ही बाजूंना आपण जिंकलो असं वाटत होतं, आणि हरल्यासारखंही. नानांनी चिडवायला फोन केला असेल. "तू म्हणत होतीस तसं थोडं झालं बरं का" हे सांगायलाही केला असेल. आंबे पाठवू का, एवढंच विचारायचं असेल. रोज रात्री तुम्ही यातला एकेक अर्थ उचलून बघता, आणि बहुधा सगळ्यात वाईट अर्थ हातात घेऊन झोपता. तसं करू नका. उत्तर मिळेपर्यंत तो फोन मोकळाच राहू द्या. एक मात्र नक्की की निकालाच्या दिवशी, सगळा गाव ओट्यावर जमलेला असताना, नानांना तुमच्याशी बोलायचं होतं. दोनदा. कशासाठी, ते बाजूला ठेवा.

आता कार्यक्रमाचं.

दादावर तुम्ही रागावला आहात आणि त्याचं थोडं कारणही आहे. पण पत्रात एक ओळ अशी आहे की त्या पहाटे नानांना गाडीत घालून जळगावला नेणारे, नंतर लाकडांपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं बघणारे पक्षाचेच कार्यकर्ते होते. ती ओळ तुम्ही घाईत लिहिली आहे. तुमच्यासाठी पक्ष म्हणजे टीव्हीवरचं भांडण आणि नाशिकच्या स्टाफरूममधली चर्चा. दादासाठी पक्ष म्हणजे ती माणसं, जी दहा दिवस ओट्यावर बसून होती, ज्यांनी द्वारदर्शनाला आलेल्यांना चहापाणी दिलं. त्याचाही बाप गेला आहे. खांद्यावर मडकं घेऊन प्रदक्षिणा त्याने घातली. तो नानांना पक्षाच्या मंडपात शोधतो आहे, कारण त्याने त्यांना तिथेच पाहिलं. त्याचं दुःख तुम्हाला दिखाऊ वाटत असेल, तर ते मंडपाच्या कापडाचं आहे, त्याच्या आतलं नाही.

तरीही फ्लेक्सबद्दल मला जे वाटतं ते स्पष्ट सांगते. आपल्याकडे गावोगाव चौकात ते लागतात, वरच्या पट्टीत नेत्यांची रांग, खाली मृताचा फोटो, बाजूला 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याहून मोठ्या अक्षरात श्रद्धांजली वाहणाऱ्याचं नाव. मला हे मनापासून खटकतं. गेलेल्या माणसाला स्वतःच्याच पुण्यस्मरणात कोपरा मिळतो. दादाला एवढं एकच सांगा की फ्लेक्सवर नाना एकटे असू देत. आणि फोटो घरातला घ्या, केळीच्या बागेतला, बंडीवरचा, कसलाही, उपरणं घातलेलाच हवा असं नाही. हे तो ऐकेल. मोठी मागणी नाही ही.

त्यावर 'मिसाबंदी' (आणीबाणीत मिसा कायद्याखाली डांबलेला) हा शब्द मोठा येणार, तो येऊ द्या, तो त्यांचा हक्काचा आहे. पण एका शब्दात माणूस मावत नाही. नंदुरबारला माणिक चौकात शिरीषकुमारचं स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला मिरवणुकीत गोळ्या लागून तो गेला, सोळावंही पुरं नव्हतं. दरवर्षी हार पडतात, भाषणं होतात. त्याच दिवशी तिथे लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्यामदास हेही पडले. आपल्यातल्या किती जणांना ही चार नावं न अडखळता घेता येतील? आणि शिरीषकुमार तरी आपल्याला झेंडा धरलेल्या हातापलीकडे कुठे माहीत आहे? त्याला कोणती भाजी आवडायची, गणितात किती मिळायचे, हे फक्त घराला माहीत असतं, आणि घर गेलं की तेही जातं. गाव माणसाचं एक रूप धरून ठेवतं. बाकीचं घराने धरायचं असतं.

म्हणून माझा सल्ला असा. वर्षश्राद्ध तिथीने करा, पक्षाचा कार्यक्रम तारखेला होऊ द्या. दोन्हींत यंदा दहा-अकरा दिवसांचं अंतर आपोआप पडेल. दादाला हे भटजींकडून सांगवा, म्हणजे त्याला पक्षात सांगायला सोपं जाईल आणि कुणाचा मान जाणार नाही. तिथीला तुम्ही आदल्या रात्रीच जा, घरात राबा, पितरांसाठी विस्तवावर आगारी टाकताना दादाच्या शेजारी बसा. तारखेच्या कार्यक्रमाला जमलं तर जा, पण व्यासपीठावर बसू नका. खाली, बायकांमध्ये, आईच्या बाजूला बसा. भाषण करू नका. लोक विचारतील, विचारू द्या. "मी नानांची मुलगी म्हणून आले आहे" एवढं उत्तर खान्देशातल्या कुठल्याही गावाला पुरतं. गाव चार दिवस बोलतं, पाचव्या दिवशी दुसऱ्या घराकडे वळतं. आणि माईक कुणी हातात दिलाच, तर आजोबांच्या दशम्यांची गोष्ट सांगा. टोपीसकट. त्या मंडपात ती ऐकली गेली तर बरंच होईल.

पण श्रावण अजून दूर आहे. त्याआधी ३० एप्रिलला आखाजी आहे, आणि तुम्ही लिहिलंय की यंदा जावंसं वाटत नाही. जा, ताई. ज्या सणाला भांडण झालं त्याच सणाला जाणं कठीण आहे, तो ओटा, ती जेवायची जागा, तो टीव्ही सगळं तसंच असेल. तरी जा.

आमच्याकडे आखाजीला घागर भरतात, वर खरबूज, सांजोरी. मग उंबरठा पुसून त्यावर कुंकवाची बोटं ओढायची, गेलेल्या एकेकाचं नाव घेत. एक नाव, एक बोट. माझी आई हे करायची तेव्हा मी शेजारी कुंकवाची वाटी धरून बसायचे. पणजोबा, आजोबा, चुलत आजी, तान्हेपणी गेलेला एक भाऊ ज्याचं नाव फक्त त्या दिवशी घेतलं जाई. वडील गेल्यावर तिने त्यांचं बोट ओढलं, आणि काका गेल्यावर काकांचं, वडिलांच्या अगदी लगत, दोन बोटं एकमेकांना चिकटतील इतकं. मी म्हटलं, "माय, मिसळलं ना कुंकू." ती म्हणाली, "राहू दे." आता ते मी ओढते, आणि ती दोन बोटं मीही लगतच ओढते.

तुमच्याकडे पहिल्या वर्षी घागर भरायची का, नानांचं नाव यंदा घ्यायचं की पुढच्या आखाजीला, हे मी सांगू शकत नाही. घराघराची रीत वेगळी. ते आईला विचारा.

आणि इथेच मला तुमच्या पत्रातली खरी अडचण दिसते. सात पानांत नाना आहेत, दादा आहे, पक्ष आहे, देश आहे. आईला एक ओळ मिळाली आहे, "आई काही बोलत नाही." तिला कुणी विचारलंय का? मंडप हवा का, नको का, फोटो कुठला लावायचा, हे? जिचा नवरा गेला तिच्या अंगणात कार्यक्रम ठरला आणि तिचं मत तुम्हा दोघा भावंडांपैकी एकाच्याही पत्रात, बोलण्यात नाही. तुम्ही दोघे नानांवर हक्क सांगता आहात आणि पन्नास वर्षं त्यांच्यासोबत राहिलेली बाई चुलीपाशी गप्प आहे.

आखाजीला जेवणं झाली, दादा बाहेर गेला, पोरीबाळी झोक्याकडे गेल्या की दुपारी घर शांत होतं. तेव्हा टीव्ही लावू देऊ नका. आईच्या शेजारी भिंतीला टेकून बसा. तिने निवडायला काही घेतलं असेल तर तुम्हीही हात लावा. मंडपाचं विचारा, फोटोचं विचारा, घागरीचं विचारा. मग ४ जूनचं विचारा. नानांनी तो फोन लावला तेव्हा ती घरातच असणार. नंबर लावायच्या आधी ते काय म्हणाले, तुम्ही उचलला नाही तेव्हा काय म्हणाले, दुसऱ्यांदा लावायला तिनेच सांगितलं होतं का. तिला आठवत असेल, नसेलही. माझ्यासारखं वर्ष होऊ देऊ नका.